वामनमामा आणि इटलीतली बाई

वामन तांडेल आमच्या वाचनालयाचे सभासद झाले ते एका भांडणात हरल्यामुळे.

भांडण रंगमंचावरचं होतं. वामनमामा दशावतारात काम करायचे, आणि तेही स्त्रीपात्रांचं. दशावतारात लिहिलेलं नाटक नसतं. कथा काय, कोण राजा, कोण राणी एवढं आधी ठरतं. बाकीचं सगळं बोलणं नटांनी तिथल्या तिथे रचायचं. आरोंद्याच्या जत्रेत मामा राणी होते. समोर ऋषी झालेला नट जरा खोडसाळ होता. त्याने भर प्रवेशात विचारलं, "राणी, तुझ्या सासऱ्यांच्या आजोळचं कुळ कोणतं?" मामांना ठाऊक नव्हतं. त्यांनी पदर सावरला आणि म्हणाले, "ऋषिवर, या घरात सुनेला कामं सांगतात, कुळं नाही सांगत." बायकांमध्ये हशा पिकला. ऋषी गप्प झाला. प्रवेश मामांनी जिंकला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ते माझ्या टेबलासमोर उभे होते.

"बाय, पुराणांची पुस्तकां खंय आसत?"

मी कपाट दाखवलं आणि काय हवं ते विचारलं. तेव्हा त्यांनी ही हकिगत सांगितली. मी म्हटलं, "पण मामा, लोक तर हसले. तुम्हीच जिंकलात."

"लोक हसले, पण मी हरलंय. माका म्हायत नव्हतां, ह्यां माका म्हायत आसा."

सभासदत्वाच्या अर्जात 'व्यवसाय' या रकान्यापुढे त्यांनी थोडा विचार केला आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'राणी'. मी तो अर्ज तसाच फाइलला लावला. लेखापरीक्षकांनी एकदा विचारलंसुद्धा, ही बाई कोण म्हणून.

माझं माहेर सांगलीकडचं. लग्न होऊन मालवणला आले आणि पुढे इथल्या वाचनालयात ग्रंथपाल झाले. मालवणी मला समजते, बोलता येत नाही. मामांना त्याची गंमत वाटायची. "बाय बोलता ती आमची स्टेजावरची भाषा," असं ते सगळ्यांना सांगत. ते खरंच होतं. एरवी घरीदारी मालवणी बोलणारा हा माणूस, नाटकात उभा राहिला की अशी शुद्ध, घोळदार मराठी बोलायचा की शाळेतल्या बाईंनी ऐकत राहावं.

दिसायला ते कुठल्याच अंगाने राणी नव्हते. रंग काळा, खांदे रुंद, हात होडी वल्हवून घट्ट झालेले. तारकर्लीचं घर, भाऊ मासेमारीवर, यांनीही जत्रा नसतील तेव्हा समुद्रावर जायचं. पण वाचनालयाची पायरी चढताना ते लुंगीचं टोक दोन बोटांनी असं उचलत की जणू निऱ्या आहेत. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले तरी सिंहासनावर बसल्यासारखे, पाठ ताठ, एक हात मांडीवर. हे ते मुद्दाम करत नसत. तीस-बत्तीस वर्षांत ते अंगातच उतरलं होतं.

गळ्याची काळजी मात्र ते एखाद्या तान्ह्या बाळाची घ्यावी तशी घेत. शर्टाच्या खिशात खडीसाखर आणि मिऱ्यांची डबी. बरोबर कोमट पाण्याचा फ्लास्क. मे महिन्यात अंगाची लाही होत असताना आम्ही सगळे गार कोकम सरबत प्यायचो आणि मामा वाफाळतं पाणी फुंकून फुंकून पीत. कोणी हसलं की म्हणत, "आवाज देवाचो, गळो आपलो. देवाची वस्तू सांभाळूक होई मां?"

एकदा कॉलेजच्या मुली वाचनालयात बसून गॅदरिंगची तयारी करत होत्या. नऊवारी कोणालाच नेसता येत नव्हती. मोबाइलवर बघून बघून त्यांनी साडीचं बोचकं करून ठेवलं होतं. मामा कोपऱ्यात वाचत बसले होते. थोडा वेळ त्यांनी सहन केलं, मग चष्मा काढला, उठले, स्वतःच्या लुंगी-शर्टावरच ती साडी नेसायला लागले. "बघ गो, काष्टो हंयसून घालूचो. खेचूचो नाय. खेचलंस तर पावलां लहान पडतत आणि राणी लंगडता." मुलींनी तोंडावर हात ठेवले होते, पण दोन मिनिटांनी हसू थांबलं आणि सगळ्या वही काढून लिहायला लागल्या. त्यानंतर दर डिसेंबरात मुली मला विचारायच्या, साडीवाले मामा कधी येणार?

ही झाली बरे दिवस असतानाची गोष्ट.

दोन वर्षांपूर्वी शिवरात्रीच्या सुमारास कुणकेश्वराकडच्या एका वाडीत त्यांचा प्रयोग होता. हल्ली जत्रेत एकाच वेळी चार ठिकाणी लाउडस्पीकर लागलेले असतात, पाळणेवाले, आइसक्रीमवाले, शेजारी वाद्यवृंद. नटाने ओरडल्याशिवाय भागत नाही. रानात पोर हरवलेल्या राणीचा विलाप होता. मामांचं ते नाव गाजवणारं काम. वरची पट्टी लावून हाक मारली आणि आवाज मध्येच फाटला. लोकांना वाटलं, काय ही कमाल! कडकडून टाळ्या पडल्या.

"लोकांका वाटलां मी रडतंय," मामा मला नंतर सांगत होते. सांगत होते म्हणजे घशातून नुसती फुसफुस येत होती, मला कान पुढे करावा लागला. "माका तेवड्यातच कळलां, ह्यां रडणां न्हय. ह्यां काय तरी तुटलां."

गोव्यातल्या गळ्याच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठ होती. काढावी लागेल म्हणाले, आणि काढून तपासायला पाठवावी लागेल. मामांनी 'तपासायला' या शब्दाचा अर्थ विचारला. डॉक्टरांनी तो सांगितला. मामांच्या बायकोने, सुलोचनामामींनी, तो ऐकलाच होता, कारण त्या शेजारीच बसल्या होत्या. गावात मात्र दोघांनी कोणाला काही सांगितलं नाही. घसा बसलाय, एवढंच.

शस्त्रक्रिया झाली. गाठ तपासायला गेली. आणि डॉक्टरांनी पंधरा दिवसांचं कडक मौन सांगितलं. एक शब्द नाही, कुजबूज नाही, खाकरणंसुद्धा नाही. पंधरा दिवसांनंतर आवाज येईल, पण तो किती येईल आणि कसा येईल हे आत्ता सांगता येत नाही, असंही ते म्हणाले.

घरी मौन पाळणं अवघड होतं. दारावरून जाणारा प्रत्येक जण "काय वामनानू, बरां मां?" विचारणार आणि उत्तर मिळेपर्यंत उभा राहणार. म्हणून मामा रोज सकाळी वाचनालयात यायला लागले. गळ्यात दोरीने पाटी अडकवलेली, खिशात खडू. पहिल्या दिवशी पाटीवर लिहून दाखवलं, 'येथे सर्वच मुके आहेत. म्हणून येथे आलो.'

बोलता येत होतं तेव्हा मामा मालवणी बोलायचे, पण लिहायला लागले की राणी व्हायचे. लिहिण्याची भाषा त्यांना तेवढीच ठाऊक होती. 'पंखा बंद करावा, शीत वारा बाधतो.' 'आज वृत्तपत्रात काहीही वाचनीय नाही.' मला हसू यायचं आणि मग त्यांचा चेहरा पाहून ते थांबायचं. कारण ते वाचत नव्हते. पुस्तक समोर उघडं असायचं, एकच पान तासभर. अधूनमधून हात गळ्याकडे जायचा आणि मध्येच मागे यायचा, हात लावला तरी काही बिघडेल असं वाटून.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला एक खोकं आठवलं. मुंबईतल्या कुणा निवृत्त गृहस्थांच्या मुलांनी वडिलांचा संग्रह आम्हाला पाठवला होता. त्यात पुस्तकं होती ती मी नोंदवून घेतली. तळाशी बऱ्याच डीव्हीडी होत्या, त्या तशाच पडून होत्या. त्यातली एक ऑपेराची होती. इटलीतल्या कुठल्याशा नाट्यगृहात झालेला प्रयोग कॅमेऱ्याने टिपलेला. वेष्टनावर पांढऱ्या झग्यातली एक बाई, मोकळे केस, हात पुढे केलेले. आतल्या पुस्तिकेत इंग्रजीत लिहिलं होतं की हा 'बेल कांतो' घराण्याचा, म्हणजे 'सुंदर गाण्या'चा ऑपेरा आहे. यात वाद्यांपेक्षा, देखाव्यापेक्षा माणसाचा गळा मोठा मानतात.

मी ते वाक्य मराठीत करून मामांना सांगितलं. त्यांनी पाटी उचलली. 'दाखवा.'

वाचनालय दुपारी एक ते तीन बंद असतं. मागच्या खोलीत जुना टीव्ही होता. मी दोन खुर्च्या मांडल्या. खाली इंग्रजी ओळी येत होत्या, त्या मी भराभर मराठीत सांगत गेले.

गोष्ट साधीच होती. एका सरदाराच्या मुलीचं एका नौकेच्या कप्तानाशी लग्न ठरलेलं असतं. तो मोहिमेवर जातो. तिच्या बापाला दुसरं स्थळ हवं असतं, म्हणून तो खोटं पत्र लिहवून घेतो, की नौका बुडाली आणि कप्तानही बुडाला. मुलगी ते पत्र वाचते आणि तिचं भान हरपतं. मग ती नुसती फिरत राहते आणि गात राहते.

सुरुवातीला मामांनी वादक मोजले. कॅमेरा रंगमंचासमोरच्या खड्ड्यात बसलेल्या वादकांवरून फिरला तेव्हा त्यांनी मला थांबवायला लावलं, बोटाने एकेक मोजला आणि लिहिलं, 'आमच्याकडे तिघे.' पेटी, मृदंग, झांज. मग ती नायिका आली. कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ गेला. ती काही कोवळी मुलगी नव्हती. चांगली पन्नाशीची, अंगाने भरलेली बाई होती. कपाळावरचा रंग घामाने उतरत होता आणि डोळ्यांखालच्या सुरकुत्या स्पष्ट दिसत होत्या. मला जरा विचित्र वाटलं. मामा मात्र पुढे सरकून बसले.

'वय काय असावे?'

"माहीत नाही मामा. पन्नास तरी असेल."

'म्हणजे माझ्याएवढी. आणि सोळा वर्षांची झाली आहे.' मग खाली आणखी एक ओळ. 'झाली आहे, हे खरे.'

पत्र येण्याच्या प्रवेशापर्यंत आम्ही त्या दिवशी पोचलो. दुसऱ्या दिवशी मामा पावणेएकलाच मागच्या खोलीच्या दारात उभे. मी कुलूप लावायच्या आत ते खुर्चीवर जाऊन बसले होते.

त्या दिवशीचा प्रवेश वेडाचा होता. बाई पत्र हातात घेऊन उभी. मला वाटलं आता ही मोठ्याने टाहो फोडेल. वाद्यं थांबली. तिने इतक्या हळू सुरुवात केली की मी टीव्हीचा आवाज वाढवायला उठले. मामांनी माझा हात धरला आणि मान हलवली. नको. तसंच राहू दे.

ती हळू गात होती. लांबच लांब सूर, एका श्वासात, मध्ये कुठे तुटत नव्हता. मग छोट्या छोट्या ताना, झऱ्याच्या पाण्यासारख्या. ती हसते आहे की रडते आहे ते कळेना. कॅमेरा इतका जवळ होता की तिचा गळा टीव्हीभर दिसत होता. मामा गुडघ्यांवर कोपरं टेकून फक्त तेवढंच पाहत होते, तिचा गळा. त्यांनी ती जागा मला चार वेळा मागे घ्यायला लावली.

'ही श्वास केव्हा घेते?'

मी म्हटलं, "मला नाही दिसत."

'मलाही नाही.' पुन्हा पाहिलं. 'मानेवर शीर उमटत नाही. पाहा.' पुन्हा पाहिलं. मग त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं, 'दुःख वाढले तसा आवाज खाली आला. आम्ही उलट करतो.'

गाणं संपलं तेव्हा नाट्यगृहात टाळ्यांचा पाऊस पडला. लोक ओरडत होते, थांबतच नव्हते. ती बाई मात्र हलली नाही. पत्र छातीशी धरून, नजर शून्यात, तशीच उभी राहिली. हसली नाही, वाकली नाही. मामांनी खुर्चीत बसल्या बसल्याच तिला हात जोडले.

तिसऱ्या दिवशी सुलोचनामामी आल्या. बाजारातून मासे विकून परस्पर आल्या होत्या, टोपली बाहेर ठेवून. त्यांना बघायचं होतं की नवरा रोज दुपारी जेवायला उशीर का करतो. म्हटलं, बसा मामी, शेवटचा अंक आहे. त्या जमिनीवरच बसल्या. दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, "गो बाय, ह्यां बायलमनिस असां कित्याक भटाकता?"

मी गोष्ट सांगितली. मामींनी कपाळाला आठ्या घातल्या.

"कागद इलो म्हणान मरान जाता काय मनिस? मढां बघल्यानी कोणी?"

"नाही मामी. नुसतं पत्रच."

"मगे! मढां गावल्याशिवाय रडूचा नाय. माझो भाव आठ दिस बेपत्ता होतो. होडी फुटली म्हणान सगळे सांगत इले. आयशीन कोणाक दारात रडूक दिल्यान नाय. नवव्या दिसाक वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यार चलत इलो." त्या टीव्हीकडे बोट करून म्हणाल्या, "तेका सांग, रडा नको म्हणान."

त्यानंतर मामी एकदम त्या गोष्टीच्या झाल्या. बापावर चिडल्या, पत्र आणून देणाऱ्या दासीला शिव्या दिल्या. शेवटच्या प्रवेशात पडद्याआडून कप्तानाचा आवाज आला. तो जिवंत परत आलेला असतो. वेडी झालेली मुलगी बापाला ओळखत नाही, घर ओळखत नाही, पण तो सूर ऐकून थबकते आणि त्याच सुरात उत्तर देते. मामी उभ्याच राहिल्या. "इलो! बघ, इलो!" असं म्हणून त्यांनी मामांच्या पाठीत चापट मारली. मामा हसले. शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा हसले ते. आवाज न करता, तोंडावर हात धरून.

मामींनी लगेच डोळे पुसले. मग नवऱ्याकडे न बघता मला विचारलं, "तो रिपोर्ट कधी येतलो गो?"

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की कसली वाट बघणं चाललं होतं.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी सकाळी आला, मामांच्या फोनवर. ते आले आणि काही न लिहिता फोन माझ्यापुढे धरला. सगळं इंग्रजीत होतं. मी चष्मा लावला. पहिल्या ओळी नाव-गाव-तारखेच्या. मग बारीक अक्षरात वैद्यकीय वर्णन, ज्यातलं मला निम्मं कळेना. शेवटी मुद्दा होता. तो मी दोनदा वाचला, चूक व्हायला नको म्हणून.

"मामा, गाठ साधी आहे. कॅन्सर नाही."

त्यांनी पाटीवर लिहिलं, 'पुन्हा वाचा.'

मी पुन्हा वाचलं. त्यांनी आधीच्या अक्षरांखाली लिहिलं, 'मोठ्याने.'

मग मी त्या वाचनकक्षात उभी राहून, जिथे मी गेली कित्येक वर्षं लोकांना गप्प करत आले, इंग्रजी रिपोर्टमधलं ते वाक्य खणखणीत आवाजात वाचलं आणि त्याचं मराठीही सांगितलं. वर्तमानपत्रं वाचणाऱ्या चार जणांनी माना वर केल्या. मामांनी पाटी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली आणि लुंगी सावरत बाहेर पळाले.

पाटी ठेवून गेले हे माझ्या लक्षात यायला अर्धं मिनिट गेलं. मी ती उचलली आणि त्यांच्या मागे निघाले. मासळी बाजार पाच मिनिटांवर. पोचले तेव्हा तिथे भलताच प्रकार चालू होता. मामा मामींच्या टोपलीसमोर उभे, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि जोरजोराने नकारार्थी मान हलवताहेत. त्यांना म्हणायचं होतं 'काही नाही, काही नाही'. मामींनी त्याचा अर्थ वेगळाच घेतला होता आणि त्या छाती धरून खाली बसल्या होत्या. ते पाहून मामा घाबरले. त्यांनी दोन्ही हात वर केले, आकाशाकडे पाहिलं, मग छातीवर हात ठेवून गुडघे टेकले, रणातून राजा सुखरूप परत आल्याची बातमी ऐकलेली राणी करते तसं अगदी. आजूबाजूच्या कोळणी विक्री सोडून बघायला लागल्या.

मामी ओरडल्या, "नीट सांग मेल्या! नाटक कित्याक करतंस!"

"मामी, साधी गाठ आहे!" मी लांबूनच ओरडले. "कॅन्सर नाही! काही नाही!"

मामींनी माझ्याकडे पाहिलं. मग समोर गुडघ्यावर बसलेल्या नवऱ्याकडे. त्यांनी माशांच्या हातांनीच त्याचं तोंड धरलं आणि दोघंही भर बाजारात, बांगड्यांच्या टोपलीशेजारी, हसत आणि रडत बसली. शेजारची कोळीण म्हणाली, "तरी मी म्हटलां, घसो बसलो म्हणान कोण इतकां रडता!"

पंधरा दिवस संपले. डॉक्टरांनी दिवसाला पाच मिनिटं बोलायची परवानगी दिली. सोमवारी मामा आले, पाटी नव्हती. माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

"बाय," ते म्हणाले, "ह्यां पुस्तक परत करूचां आसा."

आवाज बारीक होता, खालच्या पट्टीतला, तळाशी थोडी खरखर असलेला. पण आख्खा होता. कुठे तुटत नव्हता. मी पुस्तक घेतलं, शिक्का मारला, आणि तो उलटा पडला ते मला नंतर दिसलं.

पुढचे तीन-चार महिने ते रोज सकाळी समुद्रावर जाऊन, डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे, ओठ मिटून नुसता सूर धरायचे. हळूहळू बोलणं सुधारलं. पण जुनी पट्टी परत आली नाही. दशावतार कंपनीच्या मालकांनी समजुतीने सांगितलं, वामनानू, आता राजाचो पार्ट घेवा, चार वाक्यां बोलूची आणि बसूचा. राणी झेपाची नाय. मामांनी 'बघुया' एवढंच म्हटलं.

डिसेंबरात आमच्या वाचनालयाचा वर्धापनदिन होता. दरवर्षी भाषणं होतात. त्या वर्षी मी समितीला दशावताराचा प्रयोग ठेवायचं सुचवलं, आणि तोही संध्याकाळी चारला, अंगणात, शाळेच्या मुलांना आणि म्हाताऱ्यांना बघता यावा म्हणून. दशावतार एरवी रात्रीचा, दिव्यांच्या उजेडातला; मालकांना ते मुळीच पटेना. "दिसाउजेडाक रंग उघडो पडता बाय. राणी बापयमनिस दिसता." मामा शेजारी उभे होते. ते म्हणाले, "दिसांदे. दिसलो तरी राणीच होतलो."

आणि त्यांनी आणखी एक गोष्ट मागितली. विलापाच्या प्रवेशाला समोर टांगलेला माइक काढायचा.

मालक वैतागले. "मागल्यांका ऐकू येवचा नाय!"

"मगे मागले गप बसतले," मामा म्हणाले.

अंगण भरलं होतं. शाळेची मुलं पुढे, नऊवारी नेसायला शिकून गेलेल्या दोन मुली लग्न होऊन कडेवर पोरं घेऊन आल्या होत्या. मी अगदी मागे, दाराच्या पायरीवर उभी होते. उन्हात मामांचा चेहरा स्पष्ट दिसत होता. रंगाखालच्या सुरकुत्या, घामाने ओघळलेलं काजळ. राणी रानात आली. पोर हरवलं आहे हे तिला कळलं. वादकांनी हात थांबवले.

मामा ओरडले नाहीत. ते स्थिर उभे राहिले आणि पोराला हाक मारली, घरातल्या घरात मारावी तशी. झोपलेल्याला उठवताना मारतात तशी. मग दुसरी, त्याहून हळू. मागे गप्पा मारणारे दोन पुरुष होते, त्यांच्याकडे सगळ्यांनी वळून पाहिलं, ते गप्प झाले. कुणाचं तरी तान्हं कुरकुरलं, त्याच्या आईने त्याला छातीशी घट्ट धरलं. तिसरी हाक आली तेव्हा पुढची मुलं गुडघ्यांवर उठून बसली होती. त्या हाकेत सूर होता, आणि तो इतका सरळ माझ्यापर्यंत आला की मी मान खाली घातली. वर पाहिलं तेव्हा त्यांच्या मानेवर शीर उमटलेली नव्हती. श्वास कुठे घेतला तेही कळलं नाही.

टाळ्या बराच वेळ पडत राहिल्या. मालक झांजवाल्याजवळ उभे होते. त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि माइक पुन्हा लावायला जाणाऱ्या माणसाला हाताने थांबवलं.

प्रयोग सातच्या आत संपला. मी चहा घेऊन मागे गेले तेव्हा मामांनी टोप काढला होता, साडी सोडून लुंगी लावली होती, तोंड निम्मंच पुसलं होतं. मला पाहताच त्यांनी विचारलं, "बाय, खरां सांगा. दारापर्यंत इलो काय आवाज?"

"आला मामा. सगळा आला."

"शेवटचो शब्द?"

"तोही."

त्यांनी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटले.

बाहेर मामींनी स्कूटर चालू केली. मामा मागे बसले, पेटारा मांडीवर, कपाळावर राणीचं मोठं कुंकू तसंच. बसल्या बसल्या त्यांनी बोलायला सुरुवात केली. कुठे सूर जरा खाली गेला, झांज कुठे उशिरा पडली, दुसऱ्या हाकेला पुढच्या रांगेतली पोर कशी रडकुंडीला आली. मामी मध्ये एकदा "माका दिसला ता" म्हणाल्या, तरी ते तेच पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले. मी फाटकाशी उभी होते. स्कूटर तारकर्लीच्या रस्त्याला लागली आणि वळणापर्यंत मला मामांचं बोलणं ऐकू येत होतं.